आधी पोट, मग पाठ, शेवटी दांडा: मिठाचा लाकडी स्कूप लेथवर कसा कातायचा

माझ्या पहिल्या स्कूपचा दांडा लेथच्या (लाकूड गरगर फिरवणाऱ्या मशीनच्या) चकात, म्हणजे पकडीत, राहिला आणि वाटी उडून थेट कपाटाखाली गेली. ती काठीने ओढून बाहेर काढली तेव्हा आई म्हणाली, "उखळ झालंय छान. मुसळ कधी करतोस?"

झालं होतं असं, की मी आधी दांडा कातून घेतला. चांगला सुबक, नाजूक, मधे बारीक आणि टोकाला बोंडासारखा फुगीर. आणि मग त्या बारीक दांड्याच्या शेंड्यावरची वाटी आतून कोरायला बसलो. लाकूड थरथरायला लागलं, हत्यार अडकलं, कडकन आवाज आला आणि काम संपलं. ती वाटी खालून घासून बूड सपाट केलं. आता देव्हाऱ्यात अक्षता ठेवायला आहे. पण त्या दिवशी एक कळलं. माझा हात तसा ठीकच चालला होता, क्रम उलटा होता. म्हणून हा लेख क्रमाबद्दल जास्त आणि हातसफाईबद्दल कमी आहे. हातसफाई चौथ्या-पाचव्या स्कूपला आपोआप येते. क्रम चुकला तर तिथवर पोचायलाच फार लाकूड लागतं.

स्कूप म्हणजे किराणा दुकानात साखरेच्या पोत्यात पत्र्याचा खुपसलेला असतो ना, त्याचा लाकडी धाकटा भाऊ. कोकणात करवंटीला काठी बसवून डवली करतात, त्याच जातीचं काम. मिठाच्या बरणीत, चहापावडरीच्या डब्यात, बेसनात चालतो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं की हलक्या स्टीलच्या चमच्यावर तांबूस ठिपके पडतात. लाकडी स्कूपला ती भानगड नाही.

तो लेथवर दोन तऱ्हांनी होतो. एका तऱ्हेत गोळा आणि दांडा कातून घेतात, मग गोळा आडवा धरून त्याचं पोट कोरतात. त्या वेळी दांडा पंख्याच्या पात्यासारखा गरगर फिरत असतो आणि दिसतही नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, बोटं महाग आहेत. दुसऱ्या तऱ्हेत उभ्या दांड्याचा पेला कातायचा आणि पेल्याच्या तोंडाचा वरचा भाग तिरका कापून टाकायचा. राहतो तो स्कूप. आपण हाच करणार आहोत.

मशीन आणि हत्यारं

लेथ म्हटलं की आपल्याकडे लोखंडाचा लेथ डोळ्यांपुढे येतो. आयटीआयमधला 'टर्नर'सुद्धा लोखंडच कातायला शिकतो. तिथे हत्यार मशीनलाच घट्ट आवळलेलं असतं. लाकडाच्या लेथवर हत्यार तुमच्या हातात असतं, ते फक्त एका आडव्या पट्टीवर, टूल रेस्टवर, टेकवायचं. बाकी सगळा हिशेब मनगटाचा आणि कमरेचा. दुकानात चौकशी करताना 'लाकडाचा लेथ' असं स्पष्ट सांगा, नाहीतर भलतंच मशीन दाखवतील.

विद्या आपल्याला नवी नाही. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब करणारा तो कातारी, आणि वाड्यातल्या खांबांना आपण अजून 'कातीव खांब' म्हणतोच. जुना कातारी जमिनीवर बसायचा. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, साथीदाराने दोरी ओढायची, लाकूड एकदा पुढे फिरायचं आणि एकदा मागे. हत्यार सावरायला पायाची बोटंही कामाला यायची. आपलं विजेचं मशीन एकाच दिशेने फिरतं: लाकूड वरून तुमच्याकडे येतं आणि खाली जातं. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

टेबलावर ठेवायचा छोटा लेथ या कामाला पुरतो. डाव्या हाताला मोटरचं डोकं म्हणजे हेडस्टॉक, उजवीकडे लाकडाचं दुसरं टोक धरणारा, सरकणारा टेलस्टॉक. शिवाय चार जबड्यांचा चक लागेल. लेथबरोबर तो बहुधा येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. चकाशिवायही जुगाड जमतं, पण पहिल्या खेपेला जुगाड नको.

हत्यारं पाच. चौकोनी लाकूड गोल करायला रफिंग गाउज, म्हणजे मोठी, खोल पन्हळीची गोल पटाशी. आकार द्यायला १० मिमीची स्पिंडल गाउज. खाचा पाडायला ३ मिमीचं पार्टिंग टूल. पोट साफ करायला गोल तोंडाचा स्क्रेपर, १२ मिमीच्या आसपास. पाचवी तिरकी पटाशी, म्हणजे स्क्यू. ती पहिल्या स्कूपला नसली तरी चालते, किंबहुना नसलेली बरी; नवख्याला सगळ्यात जास्त झटके तीच देते. रफिंग गाउज पोट कोरायला कधीच वापरू नका. तिचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो, अडकली तर तिथेच मोडते.

धार लावायला वेळ द्या. हाय स्पीड स्टीलची नवी पटाशी पुष्कळदा धारेविना येते, हे मला पहिले दोन महिने माहीत नव्हतं. मी नुसताच जोर लावत होतो. धारेचं हत्यार लांब, सळसळीत छिलका काढतं. बोथट हत्यार पिठासारखा भुसा उडवतं आणि तुम्हाला दाबायला लावतं. भुसा बारीक झाला की थांबा, ग्राइंडरवर जा, एक हलका हात फिरवा आणि परत या. एका स्कूपला मी निदान तीनदा जातो.

लाकूड

बाभूळ, शिसव, फणस, आंबा, शिवण यांतलं काहीही चालेल. माझी पसंती पहिल्याला फणस. कातायला मऊसूत, रेषा सरळ, ताजा कातला की हळदीसारखा पिवळा आणि वापरून वापरून तपकिरी होतो. बाभूळ कठीण, जड आणि टिकाऊ. औताला आणि गाडीच्या चाकाला उगीच नाही घेत. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या स्कूपला घ्या. सागवान सुंदर दिसतं, मात्र त्यात वाळूचा अंश असतो, धार भराभर जाते. आंब्याचा धुरळा काहींच्या अंगावर उठतो. कडुनिंब घेऊ नका, चव कडू. कण्हेर आणि बिब्बा तर अजिबात नको: कण्हेर विषारी, बिब्ब्याचा चीक अंग भाजतो. जुन्या फर्निचरचा तुकडा असेल तर त्याच्यावर कोणता रंग, कोणतं औषध मारलंय याचा पत्ता नसतो. अन्नात जाणाऱ्या वस्तूला तो नकोच.

वखारीत किंवा सॉ मिलच्या मागे तुकड्यांचा ढीग असतो. तिथून ५० मिमी जाड, ५० मिमी रुंद आणि १६० ते १७० मिमी लांब असा ठोकळा शोधा. रेषा लांबीच्या दिशेने, शक्य तितक्या सरळ. गाठ नको. झाडाचा मधला गाभा तुकड्यात आला असेल तर तो नको, तिथून चीर जाते. तुकडा ओला वाटला तर दोन्ही टोकांना फेविकॉल किंवा मेण फासून सावलीत ठेवा आणि आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. वजन दोन-तीन आठवडे हललं नाही की तुकडा वाळला. कोकणात पावसाळ्यात वजन उलट वाढलेलं दिसेल, दिवाळीपर्यंत थांबा.

मशीन सुरू करण्याआधी

हे वाचायचा कंटाळा येतो, मलाही यायचा. तरी वाचा.

फिरत्या लाकडात सापडेल असं अंगावर काही नको. ओढणी, सैल बाह्या, मनगटावरचा गंडा, राखी, घड्याळ, अंगठी, लांब मंगळसूत्र, मोकळे केस. हातमोजेही नकोत, वाटतं हात वाचेल, पण मोज्याचा धागा अडकला की हात आत ओढला जातो. तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा पारदर्शक फेस शील्ड, नुसता चष्मा पुरत नाही. घासकाम करताना एन-९५ मास्क.

आपल्याकडची खास गोष्ट: लाइट गेली तर आधी मशीनचं बटण बंद करा. लहान लेथ पुष्कळदा असे असतात की वीज आली की आपसूक सुरू होतात. तुम्ही अंधारात चक चाचपत असताना ती आली म्हणजे?

आणि चकाची चावी. ती चकात विसरून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. मी चावी खिशात असल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

गोल करणं

ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर कर्ण आखा, छेदतात तिथे टोच्याने खूण करा. हेडस्टॉकमध्ये काटेरी सेंटर, टेलस्टॉकमध्ये फिरतं सेंटर (सेंटर म्हणजे लाकडाच्या टोकात रुतणारी अणी), दोहोंच्या मधे ठोकळा आवळा. टूल रेस्ट लाकडापासून साधारण ५ मिमीवर आणि मध्यरेषेच्या किंचित खाली. ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठे घासत नाही ना.

वेग मिनिटाला ८०० ते १००० फेरे. सुरू करताना लाकडाच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा.

आता या कामातली सर्वांत मोठी गोष्ट, आणि ती सगळ्या हत्यारांना लागू आहे. हत्यार आधी टूल रेस्टवर टेकवायचं. मग त्याचा उतार, म्हणजे धारेमागचा घासलेला भाग, फिरत्या लाकडावर नुसता टेकू द्यायचा. कापत नाही, नुसता घासतो. आणि मग मूठ हळूच वर उचलायची, की धार लाकडात उतरते आणि छिलका सुटतो. टेकवा, घासा, कापा. थेट धार खुपसली की लाकूड हत्याराला खाली खेचतं, झटका बसतो, आणि लाकडावर खोल चरा पडतो. झटका प्रत्येकाला बसतो. पहिला बसला की हात कापतो, चहा प्या आणि परत या.

कोपरे आधी टकटक आवाज करतात. जसा गोल होत जाईल तसा आवाज एकसुरी होतो. डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. ४८ मिमीचा सरळ दंडगोल झाला की थांबा. मग मोटरकडच्या टोकाला पार्टिंग टूलने चकात बसेल अशी मान काढा: लांबी ७ मिमी, व्यास तुमच्या चकाच्या जबड्यांना बसेल तितका, माझ्या चकाला ४५ मिमी. मानेचा खांदा काटकोनात आणि स्वच्छ हवा, कारण जबड्यांची तोंडं त्या खांद्यावर टेकतात आणि खरी पकड तिथे असते. मानेचं टोक चकाच्या तळाला टेकता कामा नये.

पोट

मान चकात आवळा. टेलस्टॉक पुढे आणून एकदा टेकवा, म्हणजे तुकडा सरळ बसतो, पुन्हा आवळा. आता टेलस्टॉक काढा आणि तोंडाकडची बाजू पार्टिंग टूलने सपाट करून घ्या.

इथे हात शिवशिवतात. बाहेरून जरा आकार देऊ, दांडा जरा बारीक करू, असं वाटतं. करू नका. आत्ता सगळा तुकडा जाडजूड आहे, म्हणूनच तो थरथरत नाही. तोंडाशी कोरताना मागे जितकं लाकूड तितका आधार.

टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक लावून १० मिमीचा बिट बसवा. बिटावर टोकापासून ३६ मिमीवर चिकटपट्टीची खूण करा. वेग ५०० च्या आसपास. थोडं आत, थोडं बाहेर, भुसा झटकत खुणेपर्यंत भोक पाडा. हे भोक तुमची खोलीची मोजपट्टी आहे. पोट शेवटी ४० मिमी खोल होणार, म्हणजे बिटाचा टोकदार ठसा साफ करायला ४ मिमी शिल्लक. अंदाजपंचे भोक पाडलं तर पुढे दांडा कातताना त्याच भोकात जाऊन भिडाल आणि स्कूपऐवजी नरसाळं होईल.

टूल रेस्ट आता तोंडासमोर आडवा, वेग १००० ते १२००. स्पिंडल गाउज घ्या. तिची पन्हळ घड्याळात दहा वाजतात त्या दिशेला, टोक भोकाच्या कडेला. मूठ हळूहळू स्वतःपासून लांब ढकला, म्हणजे टोक मधून निघून तुमच्या बाजूच्या काठाकडे सरकतं. पुन्हा मधे या, पुन्हा काठाकडे. प्रत्येक खेपेला २ मिमी, जास्त हाव नको.

मधून काठाकडे का, हे समजलं की हात आपोआप तसा चालतो. लाकडाचे तंतू म्हणजे उभ्या बांधलेल्या काड्यांची जुडी. तुम्ही जुडीला तोंडाकडून वाटी पाडताय. मधून बाहेर येताना कापल्या जाणाऱ्या प्रत्येक काडीखाली दुसरी, अजून न कापलेली काडी उभी असते, ती तिला धरून ठेवते. काठाकडून मधे आलात तर काडीला खाली आधार नसतो, ती उपटली जाते आणि आत खरबरीत राहते. बाहेरून कातताना नेमकं उलट: जाड भागाकडून बारीक भागाकडे, पेन्सिलीला टोक करतो तसं.

पोटाचा व्यास ३६ मिमी, म्हणजे पुढे बाहेरून ४४ मिमी केल्यावर भिंत ४ मिमी राहते. तळ वाटीसारखा गोल. गाउजने जवळपास पोचलात की स्क्रेपर घ्या. स्क्रेपर रेस्टवर सपाट, मूठ किंचित वर आणि धार किंचित खाली झुकलेली, मध्यरेषेवर किंवा केसभर वर. इथे उतार घासायचा नाही, फक्त धारेच्या बुरीने, म्हणजे धार लावताना कडेवर उठलेल्या बारीक कंगोऱ्याने, खरवडायचं. गोल तळाशी स्क्रेपर अगदी हलका धरा. त्याची सगळी धार एकदम लाकडाला लागली की तो ओरडतो. तो किंचाळला म्हणजे एकतर बोथट आहे किंवा तुम्ही दाबताय.

मधून मधून मशीन थांबवून बोट फिरवा. थांबवून, हे मुद्दाम सांगतोय. तळात उंचवटा राहिला असेल तर दिसत नाही, बोटाला मात्र लगेच लागतो. खोली पेन्सिल उभी घालून मोजा.

पोट आताच घासून घ्या, कारण नंतर तिथे जाता येणार नाही. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, २४०, ३२०. टूल रेस्ट काढून ठेवा. फिरत्या वाटीत बोट घालू नका. काठीच्या टोकाला फोमचा तुकडा आणि त्यावर पेपर गुंडाळा. मग मशीन थांबवून पाण्याचं बोट आतून फिरवा, वाळू द्या, उठलेले तंतू ३२० ने हाताने घासा. हे आत्ता नाही केलं तर पहिल्यांदा धुतल्यावर स्कूप आतून मांजराच्या जिभेसारखा होतो.

पाठ आणि दांडा

पेन्सिल पोटात उभी घाला, काठाशी अंगठा धरा, आणि तीच लांबी बाहेरून मोजून पाठीवर रेघ ओढा. ४० मिमीवर पोट संपतं. तिथून आणखी ६ मिमी पुढे दुसरी रेघ. वाटीची पाठ या दुसऱ्या रेघेपर्यंत येणार. तिच्या अलीकडे बारीक काही करायचं नाही.

आता टेलस्टॉकचा आधार परत हवा, पण समोर तर पोकळ पोट. लाकडाचा एक बुच करा, पोटात सैल जाणारा, टोकाला गोल, म्हणजे तो पोटाच्या तळाशी टेकेल. टोकाला चामड्याचा छोटा तुकडा चिकटवा आणि मागून टेलस्टॉकचं सेंटर हलकं आणा. शंकूच्या आकाराचा बुच नको. तो पाचरीसारखा काठाला आतून दाबतो आणि ४ मिमीची भिंत उभी चिरते. माझे दोन गेले असे.

आधी वाटीची पाठ, मग दांडा. म्हणजे टेलस्टॉककडून चकाकडे येत जायचं, कापलेला भाग मागे टाकत. वेग १५०० ते १८००. स्पिंडल गाउजने ४४ मिमीपर्यंत सरळ, मग तळाशी वळण. आतल्या वळणाला बाहेरचं वळण समांतर ठेवा. कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने, दोन-तीन ठिकाणी भिंत मोजा. पातळ भिंत दिसायला छान, पण मिठाच्या खड्यांत खुपसायची वस्तू आहे, ४ मिमी असू द्या.

दांडा ७५ मिमी. वाटीला जोडतो तिथे १४ मिमी, मधे १२, आणि टोकाला परत १६ ते १८ चा फुगीर गोळा. जोडाशी एकदम काटकोनात उतरू नका, थोडा गोलावा द्या. मोडतो तो तिथेच मोडतो. बारीक होत गेला की दांडा थरथरतो आणि त्याच्यावर गोल गोल जिन्यासारख्या रेघा उमटतात. तेव्हा हत्याराला धार लावा, काप आणखी हलका करा, आणि डाव्या हाताची बोटं दांड्याच्या मागून अलगद टेकवा. बोटं भाजायला लागली म्हणजे तुम्ही आधार देत नाही, ढकलताय.

बाहेरून घासकाम त्याच क्रमाने, १२० ते ३२०. फडका बोटांना गुंडाळून कधीही धरू नका. कागदाचा तुकडा सुटा धरा, अडकला तर तो जाईल, बोट राहील.

दांड्याच्या टोकाला, चकातल्या मानेच्या अलीकडे, पार्टिंग टूलने दुसरी मान पाडून ती १० मिमीपर्यंत आणा आणि तिथेच थांबा. पूर्ण कापू नका. तो चकातला बुंधा अजून कामाचा आहे.

तोंड

आत्तापर्यंत तुमच्यापुढे एक गोड पेला आहे आणि तो कापवत नाही. चहा पुन्हा.

पेन्सिलने आखा: वरच्या बाजूला काठापासून २५ मिमी मागे एक खूण, खालच्या बाजूला अगदी काठावर दुसरी, आणि दोन्ही बाजूंनी त्या जोडणारी थोडी वळणाची रेघ. आरशासमोर धरून दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघा. वाटीवर लाकडाची चांगली रेषा कुठे आहे ते पाहून ती खाली, म्हणजे राहणाऱ्या भागात येऊ द्या.

तुकडा चकातून काढून बुंधा व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) धरा आणि वाटीखाली व्ही आकाराची खाच पाडलेला लाकडाचा ठोकळा सरकवा. आधाराशिवाय करवत चालवली तर सगळा भार त्या १० मिमीच्या मानेवर येतो. बारीक दातांच्या करवतीने, रेघेच्या १ मिमी बाहेरून, हलक्या हाताने कापा. यंत्राच्या करवतीवर हे करायचा मोह आवरा. गोल वस्तू पात्याखाली गरकन फिरते. मग अर्धगोल कानशीने रेघेपर्यंत या आणि काठ पेपरने गोल करा. खालचा ओठ आतून थोडा पातळ केला तर तो मिठात सहज शिरतो.

शेवटी ती १० मिमीची मान करवतीने कापा, गोळ्याचं टोक चाकूने आणि पेपरने गोल करा. दांडा हातात धरून बघा. अंगठा कुठे टोचतो तिथे अजून घासायचं.

तेल

औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, पोटात घ्यायचं असतं ते, सर्वांत सोपं. भरपूर लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. पुन्हा एकदा करा. त्यावर मेण हवं असेल तर एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग हेच तेल, वजनाने, वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण ६५ अंशांच्या आतच वितळतं, थेट गॅसवर ठेवायचं काही कारण नाही. गोडंतेल, शेंगदाणा तेल नको, काही दिवसांनी खवट वास येतो. जवसाचं तेल वाळून पक्कं बसतं, पण हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' घेऊ नका. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून मग टाका.

रंगाची हौस असेल तर लाख आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवरचा तो चकचकीत रंग लाखेचा. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाने ती वितळून चिकटते, मग वाळलेलं पान दाबून चकाकी आणायची. हे करायचं तर दांडा लेथवर असतानाच, आणि फक्त टोकाच्या गोळ्यावर. लाख उष्णतेने मऊ पडते, वाटीत तिचं काम नाही.

बाभूळ किंवा सागवान घेतलं असेल तर त्यावर लोखंडी तारेचा काथ्या घासू नका. लोखंडाचे कण लाकडात राहतात आणि ओल लागली की निळे-काळे डाग उमटतात. वापरताना स्कूप पाण्यात भिजत टाकायचा नाही, धुवायचा झाला तर धुऊन सावलीत उभा ठेवायचा. दोन-तीन महिन्यांनी कोरडा, पांढुरका दिसला की पुन्हा तेलाचा हात.

माझा सध्याचा स्कूप फणसाचा आहे, सहावा. त्याच्या दांड्यावर एका जागी त्या जिन्यासारख्या रेघा राहून गेल्यात. घासून काढता आल्या असत्या. आईने काढू दिल्या नाहीत, तिथे ओला अंगठा घसरत नाही म्हणते.